आत्तास बिशपचा शेवटचा दात

आत्तास बिशप अंथरुणाला खिळला आणि तोर्मा गावाच्या जिवात जीव आला.

वाईट माणसं नव्हती ती. रोज कुणी ना कुणी दारात येऊन रडून जाई. पण रडता रडता एक डोळा फटीतून आत, म्हातारा कितपत उरलाय ते बघायला. त्याचं असं होतं, की आजूबाजूच्या प्रत्येक गावाकडं आपापला संत होता, मेलेला, देवळात दगडी पेटीत जपलेला. डोंगरावरच्या गावात एक अख्खा हुतात्मा होता, डोक्यासकट. नदीकाठच्या गावात एका साध्वीचा नुसता जबडा होता, पण तेवढ्या जबड्यानं त्या गावावरची टोळधाड परतवली होती, वांझ शेळ्या गाभण केल्या होत्या. तोर्म्याकडं काय होतं? वारा. तोर्म्याचा वारा असा, की तिथली कुत्री भिंतीकडं तोंड करूनच भुंकतात. नाहीतर भुंकणं परत घशात जातं. आणि गारा अशा, की द्राक्षाच्या मळ्यात सुगीला टोपल्या घेऊन गाराच वेचाव्यात. अशा गावाला घरचा, ताजा, अख्खा संत मिळायचा होता. त्यानं मरायचं तेवढं बाकी ठेवलं होतं.

"कशी काय तब्येत, बाबा?" म्हणत एक दिवस पाथरवट आत आला आणि बोलता बोलता हातातली सुतळी बिशपच्या या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत धरून मोकळा झाला.

"जरा ऐसपैस काढ पेटी," आत्तास डोळे न उघडता म्हणाला. "मला कुशीवर झोपायची सवय आहे."

पाथरवट बाहेर पळाला. बाबांना आपलं मरण दिसतंय, असं त्यानं सांगितलं, आणि दिवस मावळायच्या आत त्याचा चमत्कार होऊन गावभर फिरला.

चुलीपाशी जवाची पेज ढवळत दोम्ना हे सगळं बघत होती. सगळं गाव ज्याला 'बाबा' म्हणायचं, त्याला 'भाऊजी' म्हणणारी तोर्म्यात ती एकटीच. ती आत्तासच्या बायकोची, आम्मीयाची, धाकटी बहीण. आम्मीया आता नव्हती. आत्तासच्या मूळ गावी, खार्सीत, त्याच्या मडकी भाजायच्या जुन्या आव्यामागं, जर्दाळूच्या झाडाखाली तिला पुरली होती. जाताना तिनं दोम्नाचं मनगट धरलं होतं आणि म्हणाली होती, "त्याला घेऊन ये गं. जिवंत नाही सोडलं तर मेलेला आण. माझ्या शेजारची जागा रिकामी ठेव." त्या शब्दाखातर दोम्ना तोर्म्याला येऊन बिशपची पेज शिजवत बसली होती. शिजवता शिजवता तिचेही दात पडून गेले होते.

आता बायको असलेला कुंभार बिशप कसा झाला, तर एका शब्दापायी.

त्या मुलखात 'आक्सिओस' असा एक शब्द आहे. देवळात नवा बिशप निवडताना लोक तो ओरडतात. म्हणजे, 'योग्य आहे हा!' आणि बाहेर बाजारात तोच शब्द कुंभार, कोष्टी आणि कांदेवाल्या ओरडतात. म्हणजे, 'घ्या, दाम वसूल!' ऐन तिशीतला आत्तास गाढवावर मडकी लादून तोर्म्याच्या बाजाराला आला होता. आत देवळात बिशपपदासाठी दोन गटांची मारामारी चालली होती. मेणबत्त्यांचे दांडे मोडून झाले होते, आणि कुणाचा तरी कान कुणाच्या तरी दातांत होता. शेवटी दमून सगळे गुडघ्यांवर बसले आणि म्हणाले, देवा, तूच काय ते सांग. त्या शांततेत बाहेरून खणखणीत आवाज आला, "आक्सिओस! आक्सिओस! आक्सिओस!"

लोक धावत बाहेर आले. बघतात तर एक माणूस दोन्ही हात आभाळाकडं करून उभा. हातात रांजण होता, पण तो कुणाला दिसला नाही.

आत्तासनं परोपरीनं सांगितलं, की बाबांनो, मी रांजणाबद्दल बोलतोय. लोक म्हणाले, मनुष्यदेह हा मातीचा रांजणच. तो पळायला लागला तेव्हा त्याच्याच मडक्यांच्या दोरीनं त्याचे हात बांधले आणि बांधलेल्या हातांवर पवित्र तेल ओतलं. घरी आम्मीया मसूर शिजवून वाट बघत बसली होती. मसूर चुलीवर आटली, करपली, आणि गाढव एकटंच घरी आलं.

नंतर तो दोनदा पळाला. दोन्ही वेळा गावानं त्याला खांद्यावर बसवून भजनं म्हणत परत आणला. बिशपनं बायकोपासून वेगळं राहावं, असा तिथला दंडक. आम्मीया सणासुदीला तोर्म्याच्या देवळात येई, बायकांच्या रांगेत उभी राही, त्याच्या हातून प्रसादाची भाकरी तळहातावर घेई आणि निघून जाई. तेवढाच काय तो संसार. ती गेली तेव्हा मातीला जायचं म्हणून आत्तास वेशीपर्यंत आला होता. गावानं वेस लावून घेतली. खार्सीवाल्यांनी ठेवून घेतलं तर?

"दोम्ने," पाथरवट गेल्यावर आत्तास म्हणाला, "मला त्या पेटीत घालू देऊ नकोस. मला तिच्याजवळ ने."

दोम्ना पळी तशीच टाकून डीकनकडं गेली. डीकन एल्पिदिओस हा देवळाचा कारभारी. बारीक आवाजाचा, स्वच्छ नखांचा. बिशपच्या तोंडात एकच दात उरला होता, खालचा, पुढचा, हलणारा. तो पडला की पहिल्यांदा मला सांगायचं, असं त्यानं दोम्नाला बजावून ठेवलं होतं. बिशपची नखं, अंघोळीचं पाणी, उशीवरचे केस, सगळं तो रोज येऊन मोजून घेऊन जाई.

"मावशी," तो म्हणाला, "संताला बायको नसते."

"होती की. माझीच बहीण."

"ती कुंभाराची बायको होती. तो कुंभार केव्हाच गेला."

"मग पेज कोण पितंय रोज? गाढव?"

"असं बोलू नये," डीकन म्हणाला. "आणि पेजेचं भांडं धुण्याआधी मला दाखवत जा."

दोम्नानं हे घरी येऊन सांगितलं. आत्तासच्या डोळ्यांत फार दिवसांनी कुंभाराची चमक आली. "लोकांनी योग्य म्हणून घेतला ना? मग नालायक ठरवून टाकतील असं काही करू. अनाक्सिओस म्हणाले की सुटलो. नालायकाचं मढं कोण ठेवून घेतंय?"

मोठा उपास चालू होता. अख्ख्या गावात मांस सोडा, कुणी दुधाला बोट लावत नव्हतं. आत्तासनं दोम्नाला खुर्ची देवळाच्या पायरीवर ठेवायला लावली, त्यावर जाऊन बसला आणि सगळ्यांसमोर सुकवलेल्या बैलाच्या मांसाचा एक तुकडा तोंडात घातला. एका दातानं खायचं म्हणजे काम सोपं नव्हतं. सकाळी घातलेला तुकडा दुपारपर्यंत तोंडातच होता. लोक जमले. आधी कुजबुज, मग शांतता. आता ओरडतील, असं दोम्नाला वाटलं.

डीकन पायरीवर चढला. त्याचे डोळे भरून आले होते. "बघा," तो म्हणाला, "आपल्या सगळ्यांच्या जिभेचा मोह बाबा एकटे चावतायत. बघा किती चिवट आहे तो!"

लोकांनी गुडघे टेकले. उरलेला तुकडा त्यांनी वाटून घेतला, तो खायला नाही, जपायला.

मग पुढच्या रविवारी आत्तासनं खरं बोलायचं ठरवलं. त्याला दोघांनी धरून वेदीपाशी उभं केलं. आवाज बारीक झाला होता, पण देऊळ खडकात कोरलेलं, कोपऱ्यातला खोकलाही घुमायचा.

"मी तुम्हाला कधी माफ केलं नाही," तो म्हणाला. "तुम्ही आक्सिओस म्हणालात तेव्हा मी मडकी विकत होतो. या वेदीपाशी हात वर केले, की ओठांवर आशीर्वाद असायचा आणि पोटात शिव्या. तुमची पोरं बाप्तिस्म्याला माझ्या हातात द्यायचात. मला वाटायचं, ही मला व्हायची होती. पाण्यात जरा जास्त वेळ धरावं, असं वाटायचं. एकदा धरलंही. पोर निळं पडलं तेव्हा सोडलं."

हे खोटं नव्हतं. पुढच्या रांगेत एक दांडगा तांबट उभा होता. ते निळं पडलेलं पोर म्हणजे हाच. त्याची आई शेजारी. दोम्ना तिच्याकडं बघत राहिली. बाईचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. आता ती तोंड उघडेल आणि एकदाचं सुटेल सगळं.

बाई हुंदका देऊन म्हणाली, "आमच्या पोराचं मरण बाबांनी हातात धरून परत धाडलं हो!"

आणि देऊळ दणाणलं. आक्सिओस! आक्सिओस!

आत्तास वेदीला टेकून हसत होता की रडत होता, ते एकच दात उरल्यामुळं कळलं नाही.

त्यानंतर त्यानं पेज सोडली. वेशीवर पहारा बसला. मरण गावातच यायला हवं होतं. कारण संत जिथं शेवटचा श्वास सोडेल त्या गावाचा, असा त्या मुलखातला कायदा. मेंढ्या, विहिरी आणि संत या तीन बाबतींत तिथं कुणी कायदा मोडत नाही. मोडला तर मुडदे पडतात.

अशात खार्सीचा म्होरक्या मानीस भेटायला आला. रुंद, घामट, बोलायला गोड. चुलीपाशी वाकून तो दोम्नाला म्हणाला, "आक्का, आपला माणूस आहे तो. खार्सीच्या मातीचा. वेशीबाहेर काढ, पुढचं आम्ही बघतो."

"आव्यामागं पुराल? आम्मीयाशेजारी?"

मानीस जरा घुटमळला. "आव्यामागं कसं गं? उकिरडा आहे तिथं. आम्ही वेदीखाली संगमरवर आणून ठेवलाय."

"मग आम्मीयाला तिथं आणा."

"वेदीखाली? बाईला?" मानीस हसला. "बरं, बघू. शपथ घालतेस का? घे, घेतली."

त्यानं इतक्या झटपट शपथ घेतली, की दोम्नाला ती खोटी असल्याची खात्री पटली. तिनं आत जाऊन भाऊजींना सगळं जसंच्या तसं सांगितलं. हे वेदीखाली घालणार, ते पण वेदीखालीच घालणार.

"रस्त्यात आवा लागेल ना?" आत्तासनं विचारलं.

"लागेल."

"मग चल. डोळ्यानं तरी बघेन."

पहाटे वेस शेळ्यांसाठी उघडायची, तेव्हा दोम्ना गाढव घेऊन निघाली. गाढवाच्या एका अंगाला टोपलीत आत्तास, वर गवत आणि गवतावर सुगडी. दुसऱ्या अंगाला समतोलाला रांजण. बिशप इतका वाळला होता, की एक रांजण जड झाला. तो काढून लहान ठेवावा लागला. कडेला घाणेरडं बर्फ साचलं होतं. शेळ्यांच्या कळपात शिरून गाढव वेशीच्या कमानीखाली आलं.

"काय आहे, म्हातारे?" पहारेकरी जांभई देत म्हणाला.

"मडकी. दुसरं काय असणार माझ्याकडं?"

"जा."

गाढवाचे पुढचे पाय उंबऱ्याच्या पलीकडं पडले. समोर रस्ता होता, तांबड्या नदीपर्यंत उतरत गेलेला. तो वास आला असेल, ओल्या मातीचा. किंवा गाढवाचं हलणं, सुगड्यांचं एकमेकांवर वाजणं. म्हाताऱ्याच्या मनातून सगळी मधली वर्षं गळून गेली असावीत, कारण गवताखालून, तापानं फाटलेला पण खणखणीत, कुंभाराचा आवाज आला.

"आक्सिओस! आक्सिओस! आक्सिओस!"

दोम्नानं डोळे मिटून घेतले.

पहारेकऱ्यानं शिंग फुंकलं. आतून डीकनची माणसं आली, बाहेरून शपथेच्या दिवसापासून झाडीत दबा धरलेली मानीसची. टोपली उलटली. आत्तास बरोबर वेशीच्या उंबऱ्यावर आडवा पडला, कमरेपासून वर तोर्म्यात, खाली खार्सीच्या हद्दीत.

"तोंड आत आहे!" डीकन ओरडला. "श्वास तोंडातून सुटतो!"

"जीव पायांनी चालत बाहेर आलाय!" मानीस ओरडला. "ओढा रे!"

पायांना धरून हे ओढू लागले, काखांत हात घालून ते. काठ्या सुरू झाल्या. मानीसच्या डोक्यावर बसायचा सोटा गाढवाच्या जबड्यावर बसला आणि त्याचे दोन दात बर्फात उडाले. सुगड्यांचा चुरा झाला. दोम्ना उंबऱ्यावर ओणवी होऊन म्हाताऱ्याला पदराखाली घेत किंचाळत होती, "अजून जिवंत आहे रे! सोडा! श्वास चाललाय!"

"गप्प, मावशी," डीकन तिच्या कानाशी म्हणाला. "जरा थांब. श्वास कुठं सुटतो ते नीट बघू दे."

काहीतरी मोडलं. काठी नव्हे. आत्तासचा उजवा हात पदराखालून हळूच तोंडाकडं गेला. तिशीपर्यंत चाकावर बसलेला कुंभार तो, बोटांत शेवटपर्यंत जोर. त्यानं तो एकटा दात चिमटीत धरला, मातीच्या गोळ्यावरून मडकं काढावं तसा पिळला, आणि रक्तानं माखलेला दात दोम्नाच्या मुठीत कोंबला.

"एवढा जाईल," तो म्हणाला.

मग आतल्या लोकांचा जोर जास्त ठरला. तोर्म्यानं संत ओढून आत घेतला, आणि आतच त्याचा श्वास सुटला. खार्सीच्या वाट्याला एक चप्पल आली. चपलेत काय होतं, ते खार्सीवाले अजून कुणाला उघडून दाखवत नाहीत, आणि तोर्म्याच्या पेटीचं पायाकडचं झाकण कधी उघडत नाहीत, हे मात्र मला ठाऊक आहे.

प्रेत धुताना डीकनला दात नसल्याचं दिसलं. त्यानं वेशीतलं बर्फ चाळलं. शेळ्यांच्या लेंड्या फोडून बघितल्या. मग दोन बायका घालून दोम्नाची झडती घेतली. वेणी सोडली, लुगडं झटकलं, नखं तपासली. दोम्ना एक शब्द बोलली नाही, आणि त्यांना वाटलं, दुःखानं तिची वाचा बसली. तिनं आत्तासचा दात आपल्या हिरडीच्या खड्ड्यात बसवला होता आणि जिभेनं दाबून धरला होता. तोंडाला भाऊजींच्या रक्ताची चव होती. ती गिळत गिळत उभी राहिली.

पण दात मिळेपर्यंत वेशीबाहेर कुणी जायचं नाही, असं डीकननं फर्मान काढलं. तेव्हा दोम्नानं कनवटीला हात घातला आणि गुपचूप त्याच्या पुढ्यात एक दात ठेवला. बर्फातून उचललेला. झडतीवाल्या बायकांनी तो बघितला होता, पण गाढवाचा म्हणून परत ठेवून दिला होता.

डीकन बघतच राहिला. "एवढा मोठा?"

दोम्नानं नुसतं आभाळाकडं बोट केलं.

डीकननं दात उचलला, उलटसुलट केला. बाहेर गाव वाट बघत उभं होतं. त्याच्या कपाळावर घाम आला, मग वाळला. तो दारात गेला आणि म्हणाला, "पुण्यवंताचं हाड मेल्यावर वाढतं, असं ऐकत होतो. आज डोळ्यांनी बघितलं."

लोक आक्सिओस म्हणाले. चांदीची डबी आली. त्या डबीला गाल लावला की दाढदुखी थांबते, असं तोर्म्यात आजही सांगतात. थांबतही असेल. दुखणं गाढवाइतकं कुणाला ठाऊक असतं?

वेस उघडली. दोम्ना सुजलेल्या जबड्याच्या गाढवाला धरून चालत खार्सीला गेली. गावात शिरलीच नाही. आवा कधीच विझलेला, आत काटेरी झुडपं माजली होती. मागं जर्दाळूच्या काळ्या फांद्या. तिनं तोंडातून दात काढला, लुगड्याला पुसला. आम्मीयाच्या शेजारची रिकामी ठेवलेली जागा पुरुषभर लांब होती. दोम्ना तिच्या मधोमध बसली आणि बोटानं एक भोक पाडलं, मिरचीच्या बीला पाडावं तेवढं. माती गोठलेली, नखाला रक्त आलं. दात आत ठेवला. वर तांबडी माती थापली.

बहिणीनं अख्खा नवरा बाजाराला पाठवला होता, आणि इतक्या वर्षांनी दोम्ना हे एवढं घेऊन आली होती. जागा अजून जवळजवळ सगळी रिकामीच दिसत होती.

"आम्मीया," ती म्हणाली. "आक्सिओस?"

गाढव एका बाजूनं वाळकं गवत चावत होतं. दोम्नानं थोडा वेळ कान देऊन वाट बघितली. मग तिनं उकरलेल्या मातीवर बोटांचा ठसा उरू नये म्हणून हातानं ती सारखी केली, कुणी खणू नये म्हणून वर थोडं शेण टाकलं, आणि गाढवाला घेऊन खाली उतरली.